चाकांत सरकी

एप्रिल सरता सरता शेवटची गठाण ट्रकवर चढते
आणि जिनिंगचा कोबा मोकळा होतो.
चौकीदार नत्थू कुलूप लावून
किल्ली कुमरे सरांच्या हातात ठेवतो.
कागद नाही, सही नाही. फक्त एवढंच,
"दिवसा नोका आणू, सर. पाय पोयते पोट्ट्यायचे."

म्हणून पहाटे साडेचार.

स्केट बारा जोड्या, पोरं एकोणतीस.
काही चाकं नागपूरहून यायची होती,
ती अजून येतच आहेत.
काठ्या बाभळीच्या. खालचं वळण
झाडानंच दिलेलं असावं लागतं,
ते धुऱ्याधुऱ्यानं हिंडून शोधायचं, काचेनं तासायचं,
मुठीला सायकलची ट्यूब.
चेंडू चपटा, ट्रॅक्टरच्या टायरातून कापलेला,
लागला तर पोटरीवर आठवडाभर जांभळा राहतो.

मी गोलकीपर.
माझ्या वाट्याला एकच स्केट आला, डाव्या पायाचा,
आणि एकाच पायात चाकं असलेल्या माणसाला
कुणी पळ म्हणत नाही.

भिंतीच्या कडेनं कापसाचा फुसका साचलेला,
पांढरा, गुडघ्याएवढा. पडलं की त्यात पडायचं.
चाकांत सरकी अडकली की खेळ थांबे,
सगळे उकिडवे बसून
हेअरपिनीनं सरकी काढत.

साडेपाचला हॉकी बंद.
मग अर्धा तास सुकेशनी मेश्रामचा.

सर कबड्डीतले, चाकांवर कधी उभे राहिले नाहीत.
मोबाइलवर कुठल्याशा थंड देशातली बाई
एका पायावर भोवऱ्यासारखी फिरताना दाखवत
आणि म्हणत, "हे असं. पण पडू नको."
ती पडे. उठे. ओढणी कमरेला घट्ट करी.
पंधराव्या दिवशी पावणेतीन गिरक्या झाल्या.
उरलेल्या पावचं काय, ते सरांनाही सांगता येईना.

"बर्फावर आवाज कसा येते, सर?"
सर गप्प. नत्थू म्हणाला,
"हातिमभाईच्या कारखान्यात आकड्यानं लादी ओढते ना, तसा."

हातिमभाई आधी हसलेच.
लग्नसराईत बर्फ रसवंतीला पुरेना, आणि यांना नाचायला हवा!
पण चोवीस मेला आर्वीकडलं एक लग्न मोडलं,
मांडवात, ऐन वेळी,
आणि बावीस लाद्या भुशात तशाच राहिल्या.
रात्री तीनला हातगाडी आली. मोडलेल्या लग्नाचा बर्फ
आम्ही कोब्यावर लादीला लादी लावून मांडला,
घरकुलाच्या खोलीएवढा.
वाफ निघत होती त्यातून. गणेश उईकेनं जीभ लावली,
ती चिकटली, आणि तो रडायला लागला.

गफूर वेल्डरनं रोलरची जुनी सुरी कापून
सुकेशनीच्या बुटांना दोन पाती जोडली होती.
ती उभी राहिली. पडली.
सरांनी हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.
मग एक लांब, बारीक आवाज झाला,
स्लेटीवर नवी लेखणी ओढावी तसा,
आणि ती गेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
बारा फूट.
तिथं वळली. एक गिरकी. दुसरीत पातं फटीत शिरलं
आणि खाली कोब्यावर खर्रकन घासलं.

मग कुणीतरी चपटा चेंडू सोडला.
बर्फावरून आला तो मला दिसलाच नाही.
उन्हाळाभरातला तेवढा एकच गोल मी न भांडता मान्य केला.

सातपर्यंत पाणी. नत्थूच्या बकऱ्या
दात काढत ते पीत होत्या.
साडेसातला कोबा कोरडा.

आता हंगामात मी तिथंच काट्यावर बसतो.
गाड्या येतात, कापसाचा डोंगर होतो,
त्याच्याखाली कुठंतरी एक वीतभर वाकडा चरा आहे,
तो कुणाला सांगत नाही.
सुकेशनी वर्ध्याला नर्सिंगला आहे. मे महिन्यात येते.
पोरांना म्हणते, "पड ना, काही नाही होत."

यंदा मला दुसरा स्केट मिळाला.
तोही डाव्याच पायाचा.